कमी पैशांत जुना बेस घेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यातल्या एका गावात तुमची भीमगीतांची पार्टी आहे, बेसचे काम आजवर तुम्ही कीबोर्डवर डाव्या हाताने भागवत आलात, आता त्यासाठी इलेक्ट्रिक बेस गिटार घ्यायचा आहे, हाताशी बारा हजार रुपये आहेत आणि जुने वाद्य पारखून देणारे जवळपास कोणी नाही. बेस वाजवण्यात आणि अशी वाद्ये दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या आधारावर सांगतो की एवढ्या पैशांत पुढे अनेक वर्षे साथ देणारा जुना बेस मिळू शकतो. मात्र त्यासाठी दोन पथ्ये पाळावी लागतील. सगळे पैसे वाद्यावरच खर्च करायचे नाहीत, आणि वाद्य पाहताना रंग, चमक व कंपनीचे नाव या सर्वांच्या आधी त्याची नेक, म्हणजे बोटे ठेवून वाजवायची लांब दांडी, पाहायची.

पैशांचे आधी सांगतो. माझ्या मते वाद्यासाठी आठ, फार तर साडेआठ हजारांची मर्यादा ठेवावी आणि उरलेले तारा, केबल, पट्टा, बॅग व डीआय बॉक्स (बेस आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायची छोटी पेटी) यांसाठी राखून ठेवावेत. बेसच्या तारांचा चांगला संच साध्या गिटारच्या संचाच्या कितीतरी पट महाग असतो, आणि विकणारा माणूस नव्या तारा चढवून बेस विकत नाही, त्यामुळे तो खर्च तुमच्याच माथी येणार हे गृहीत धरावे. किंमत ठरवताना तेच मॉडेल आज नवे केवढ्याला मिळते ते आधी पाहून ठेवावे. नव्याच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंतची किंमत मला रास्त वाटते. त्यापेक्षा जास्त मागत असतील तर आणखी थोडे थांबून नवेच घ्यावे, कारण नव्या वाद्याबरोबर बिल आणि हमी तरी मिळते.

आता नेक. नेहमीच्या बेसच्या तारेची वाजती लांबी, म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतचे (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो धातूचा भाग) अंतर, ३४ इंच असते, आणि चार तारा सुरात ओढल्या की त्या मिळून नेकवर साधारण ७० ते ८० किलोचा ताण टाकतात. हा ताण लाकूड रात्रंदिवस सोसत असते. त्याला तोलून धरण्यासाठी नेकच्या आत पोलादी सळई बसवलेली असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. एका टोकाला असलेला तिचा आट्यांचा नट (तारांच्या नटपेक्षा हा वेगळा) एलन कीने, म्हणजे षटकोनी चावीने, कसला की नेक सरळ होऊ लागते आणि सैल केला की तारांच्या ओढीने पुढे वाकते. जोवर ही सळई काम करते आहे तोवर नेकचा साधा बाक दुरुस्त होतो. सळईचा आटा गेला असेल, नट शेवटपर्यंत कसूनही बाक उरला असेल किंवा नेकला पीळ पडला असेल, तर ते वाद्य फुकट मिळाले तरी घेऊ नये, कारण नवी नेक बसवण्याचा खर्च तुमच्या बजेटमध्ये बसत नाही.

तपासण्याची रीत अशी. बेस सुरात लावून घ्या, कारण तारा सैल असताना केलेली नेकची तपासणी निरर्थक आहे. मग वाद्य नाकाच्या रेषेत धरून, नेकच्या वरच्या टोकाकडून ब्रिजच्या दिशेने, एक डोळा मिटून दोन्ही कडांवरून नजर टाका. दोन्ही कडा सारख्याच दिसल्या पाहिजेत. एक कड सरळ आणि दुसरी वाकलेली दिसली तर तो पीळ समजावा. त्यानंतर सर्वांत जाड तार पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट, त्या वरच्या टोकापासून मोजतात) डाव्या हाताने आणि जिथे नेक बॉडीला जोडली आहे तिथल्या फ्रेटवर उजव्या हाताच्या कोपराने किंवा दुसऱ्या कोणाकडून दाबून धरा. अशा वेळी ताणलेली तारच सरळ पट्टीचे काम करते. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामध्ये एखादे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी फट असावी, म्हणजे साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर. तार फ्रेटला पूर्ण चिकटत असेल तर नेक मागे वाकली आहे, आणि दोन-तीन कार्डे सहज जात असतील तर पुढे. दोन्ही दोष ट्रस रॉडने जाऊ शकतात, म्हणून विक्रेत्याची परवानगी घेऊन नट पाव फेरा फिरवून पाहावा. तो न अडता फिरला आणि फट बदलली, तर सळई जिवंत आहे. विक्रेता हात लावू देत नसेल तर मी तिथे सौदा पुढे नेत नाही.

गेल्या उन्हाळ्यात ब्रह्मपुरीच्या एका मुलाबरोबर मी दोन बेस पाहिले. पहिला लालभडक, ओरखडाही नसलेला, नऊ हजारांचा होता, पण सातव्या फ्रेटवर आगपेटीच्या दोन काड्या आरपार जात होत्या आणि ट्रस रॉडचा नट आधीच शेवटपर्यंत कसलेला होता. दुसऱ्याच्या बॉडीचा रंग तीन ठिकाणी उडालेला, एक बटण गायब आणि जॅक काळ्या चिकटपट्टीने जागेवर धरलेला, पण नेक एका रेषेत सरळ होती आणि एलन की अगदी अलगद फिरत होती. मुलाचे डोळे लाल बेसवरून हटत नव्हते. शेवटी दुसराच घेतला, साडेसहा हजारांना. गावातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने नवा जॅक टाकून दिला आणि तोच बेस आज पार्टीत रोज वाजतो आहे.

फ्रेटची झीज पाहताना तुमच्यासारख्या वादकाने एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. आपल्याकडे गायकाची पट्टी बहुधा काळ्या सुरांत, म्हणजे पेटीच्या काळ्या पट्ट्यांच्या क्रमांकाने, सांगितली जाते. बेसच्या सर्वांत जाड तारेवर काळी तीन दुसऱ्या फ्रेटवर, काळी चार चौथ्यावर आणि काळी पाच सहाव्यावर येते, तर तिच्या शेजारच्या तारेवर काळी एक चौथ्या आणि काळी दोन सहाव्या फ्रेटवर येते. म्हणजे पाचही काळ्या पट्ट्यांचे षड्ज दोन जाड तारांवरच्या दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या फ्रेटवर एकवटलेले आहेत. भीमगीत असो की झाडीपट्टीच्या नाटकातले पद असो, तुमचे बोट सर्वाधिक वेळ तिथेच राहणार आहे. त्या तीन फ्रेटवर तारेने पाडलेली खाच नखाला लागते का ते पाहा. मग प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट, एकही न गाळता, मध्यम जोराने वाजवा. एखाद्याच फ्रेटवर झणझणाट येत असेल तर त्याच्या पुढचा, ब्रिजकडचा फ्रेट वर उठला आहे किंवा तो फ्रेट स्वतः झिजून खोल गेला आहे. सगळीकडेच थोडा थोडा येत असेल तर बहुधा तारा फार खाली बसवल्या आहेत आणि ते ब्रिजवरच्या स्क्रूंनी सुधारते. बाराव्या फ्रेटवर जाड तार फ्रेटपासून साधारण अडीच आणि पातळ तार दोन मिलिमीटर उंच असली तर हात सुखावतो. सर्वांत पातळ तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर बाकीच्यांपेक्षा लवकर विझतो, असे स्क्रूने जोडलेल्या नेकच्या पुष्कळ बेसमध्ये आढळते. तेवढ्यावरून वाद्य नाकारू नये.

सुराची शुद्धता पाहण्यासाठी बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसते टेकवून निघणारा सूर आणि तोच फ्रेट दाबून निघणारा सूर ट्यूनरवर ताडून पाहावा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरची त्या तारेची घोडी, म्हणजे तार टेकते तो तुकडा, मागे सरकवावी लागते. मागे सरकायला जागा उरली आहे ना, आणि तिचे स्क्रू गंजून जाम झालेले नाहीत ना, हे पाहणे महत्त्वाचे आहे. मोबाइलवरच्या ट्यूनरला बेसची जाड तार नीट ऐकू येत नाही. ती ४१ हर्ट्‌झवर बोलते आणि मोबाइलचा माइक इतक्या खालच्या आवाजाला दाद देत नाही. त्यामुळे तिथेही बाराव्या फ्रेटवरचा तो टेकवलेला सूर वापरावा, तो ८२ हर्ट्‌झचा असल्याने सहज पकडला जातो.

आपल्या हवामानाचा विचार इथेच करायला हवा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते, तर जुलैत भिंतींनाही ओल येते. लाकूड कोरड्या हवेत आकसते, पण फ्रेटची धातूची पट्टी आकसत नाही, त्यामुळे तिची टोके नेकच्या कडेबाहेर डोकावू लागतात आणि हात सरकवताना टोचतात. मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षे राहिलेला बेस आपल्याकडे पहिल्या उन्हाळ्यात असाच टोचू लागल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. बारीक कानसीने टोके घासून हा दोष जातो, म्हणून त्यावर किंमत थोडी कमी करून घ्यावी, घाबरून जाऊ नये. उलट समुद्राकाठच्या शहरांतून आलेल्या वाद्यात ब्रिज, खुंट्यांचे दाते आणि पिकअपचे (तारांखालचा, त्यांचा कंप विजेत बदलणारा चुंबकी भाग) स्क्रू यांवरचा गंज जास्त काळजीपूर्वक पाहावा. खुंट्या प्रत्यक्ष फिरवून पाहाव्यात. अर्धा फेरा फिरवूनही सूर हलत नसेल तर दाते झिजले आहेत.

लाकडाची तपासणी संपवताना नेक आणि बॉडी यांचा जोड पाहावा. तिथे रंगाला गेलेली केसासारखी रेघ चालते, पण नखाला लागणारी आणि स्क्रूपासून निघालेली भेग लाकडातली असते. नेकच्या वरच्या टोकाचा, खुंट्यांजवळचा भाग मागून नीट पाहावा. पडलेला बेस तिथेच मोडतो, आणि डिंकाने जोडून वर रंग दिलेला जोड तिरप्या उजेडात उघडा पडतो.

विजेच्या भागाकडे मी मुद्दाम शेवटी आलो, कारण तो स्वस्तात दुरुस्त होतो. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणि १९६० मध्ये जॅझ बेस बाजारात आणला, तेव्हापासून बहुतेक स्वस्त बेस याच दोन घडणींच्या आधाराने बनत आले आहेत. नेक चार स्क्रूंनी जोडलेली, आतली वायरिंग रेडिओपेक्षाही सोपी. बटण फिरवताना खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा पुरतो. केबल हलवल्यावर आवाज जात असेल तर जॅक बदलायचा. दोन पिकअप असतील तर एकेकाचा आवाज बंद करून दोन्ही वेगवेगळे ऐकावेत आणि चारही तारा सारख्या बोलतात का ते पाहावे. पिकअपच जळालेला आहे की नुसती वायर तुटली आहे, हे कोणत्याही रेडिओ-टीव्ही मेकॅनिकच्या मल्टिमीटरने कळते. बेसला केबल लावून, आवाजाची बटणे पूर्ण उघडून, केबलच्या मोकळ्या टोकाचे अग्र आणि त्याचा दांडा यांच्यात मोजल्यास बॅटरी नसलेल्या बेसमध्ये काही किलोओहम, साधारण ३ ते १२, दिसायला हवेत. बॅटरीवर चालणाऱ्या बेसमध्ये ही रीत चालत नाही. त्यात ९ व्होल्टच्या बॅटरीचा कप्पा उघडून आत हिरवट क्षार साचलेले नाहीत ना एवढे पाहावे. एका गुणगुणीबद्दल मात्र गैरसमज नको. जॅझ बेस पद्धतीच्या वाद्यात एकच पिकअप उघडा असताना गुणगुण येते आणि दोन्ही पूर्ण उघडले की ती जाते. ती त्या रचनेतच आहे.

कोणता घ्यावा? बॅटरी नसलेला, चार तारांचा. यामाहाचे टीआरबीएक्स १७४ किंवा त्याआधीचे आरबीएक्स १७०, कोर्टचे ॲक्शन, आयबानेझचे जीएसआर आणि स्क्वायरचे ॲफिनिटी ही मॉडेल्स जुन्या बाजारात नेहमी दिसतात आणि त्यांची घडण भरवशाची आहे. आयबानेझच्या जीएसआर २०० मध्ये बॅटरीवर चालणारी, खालचे सूर वाढवण्याची सोय असते, तेवढे ध्यानात ठेवावे. यांपैकी काही तुमच्या मर्यादेत बसतील आणि काहींसाठी घासाघीस करावी लागेल. पाच तारांचा बेस कितीही भारदस्त दिसला तरी त्याची पाचवी तार ३१ हर्ट्‌झच्या आसपास बोलते, आणि आपल्याकडच्या कार्यक्रमांतल्या बहुतेक स्पीकरांतून तो सूर स्पष्ट निघतच नाही. तुमच्या गायकांच्या सर्व पट्ट्या चार तारांत बसतात हे वर आलेच आहे. आणि आठ-दहा हजारांच्या बेसवर फेंडरचे नाव असेल तर ती नक्कल समजूनच त्याची किंमत करावी.

शोधायला सुरुवात करण्याचा उत्तम काळ मे-जून. नागपूर, अमरावती, वर्धा येथील अभियांत्रिकीची शेवटच्या वर्षाची मुले वसतिगृह सोडताना वाद्ये विकतात, आणि अशी वाद्ये बहुधा कमी वाजलेली असतात. झाडीपट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, त्याच्या तोंडावर घाईने घेणाऱ्याला भाव करता येत नाही. ओएलएक्ससारख्या ठिकाणी जाहिरात पाहिली तर वाद्य हातात घेऊन वाजवल्याशिवाय एक रुपयाही आगाऊ देऊ नये, मग समोरचा बदलीवर निघालेला जवान असल्याचे सांगो की लष्करी ओळखपत्राचा फोटो पाठवो, कारण ही फसवणुकीची सर्वज्ञात पद्धत आहे. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. वाद्याच्या मागचा अनुक्रमांक फोटोत मागून घ्यावा आणि मूळ बिल विचारावे. बिल नसणे हा दोष नाही, पण कुठून व केव्हा घेतला याचे उत्तर अडखळत येत असेल तर वाद्य चोरीचे असू शकते. नागपूरहून आणताना बेस ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकू नये, सीटजवळ उभा धरून आणावा.

यापुढचा मुद्दा वाद्याच्या किमतीचा नाही, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बेसच्या तारा ब्रिजमार्फत आतल्या वायरला, तिथून केबलमार्फत ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीला आणि तिथून प्लगच्या तिसऱ्या पिनला, म्हणजे अर्थिंगला जोडलेल्या असतात. गावातल्या मंडपात अनेकदा अर्थिंग नसते, प्लगची तिसरी पिन मोडलेली असते, वीज शेजारच्या घरातून किंवा जनरेटरवरून ओढलेली असते. अशा वेळी ॲम्प्लिफायरमध्ये वीज झिरपत असेल तर ती थेट तुमच्या बोटांखालच्या तारांत येते, आणि दुसऱ्या बोर्डवरून जोडलेल्या माइकला कोरस गाताना ओठ लागला की झटका बसतो. असा झटका जीवघेणा ठरू शकतो. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाआधी सगळे चालू करून तारेला लाइन टेस्टर लावून पाहावा, आणि त्यातला दिवा लागला तर बिघाड निघेपर्यंत बेस हातात घेऊ नये. मात्र दिवा लागला नाही म्हणजे सगळे निर्धोक, असेही समजू नये. मंचावरची सर्व वाद्ये आणि मिक्सर एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डवर घेण्याचा आग्रह साउंडवाल्याकडे धरावा, आणि पार्टीच्या खर्चातून ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज झिरपताच पुरवठा तोडणारे स्विच) बसवलेला एक बोर्ड कायमचा करून घ्यावा. आयोजकांना हे कटकटीचे वाटेल. तरी त्यात तडजोड करू नये.

आवाजासाठी स्वतंत्र बेस ॲम्प्लिफायर लगेच घेण्याची गरज नाही. घरी सरावाला हेडफोनचा छोटा ॲम्प्लिफायर पुरतो, पार्टीत कीबोर्डचा ॲम्प्लिफायर असेल तर मध्यम आवाजात तोही चालतो. गिटारचा छोटा ॲम्प्लिफायर मात्र मोठ्या आवाजात बेसला लावू नये, त्याच्या स्पीकरचा पडदा फाटतो. कार्यक्रमात बेस सरळ मिक्सरमध्ये घातला तर आवाज पातळ आणि निर्जीव येतो, कारण बॅटरी नसलेल्या पिकअपला मिक्सरचा इनपुट मानवत नाही. मधे डीआय बॉक्स ठेवला की तोच बेस भरीव बोलू लागतो. मी आधी पैसे राखून ठेवायला सांगितले ते मुख्यतः यासाठी.

बेस घरी आणल्यावर लगेच ट्रस रॉडला हात घालू नये. आठवडाभर त्याला आपल्या घरच्या हवेत राहू द्यावे, पण टिनाच्या छपराखाली, देवघराच्या दिव्याजवळ किंवा कूलरच्या झोतात ठेवू नये. कूलर दिवसभर ओलसर हवा फेकतो आणि रात्री बंद झाला की खोली पुन्हा कोरडी पडते, आणि या चढउतारात नेक सर्वाधिक हलते. नंतर नव्या तारा टाकाव्यात. जाडीचा ४५ ते १०५ (इंचाच्या हजाराव्या भागांत) हा संच तुमच्या कामाला योग्य आहे. तारा बदलताना चारही एकदम काढून नेक दिवसभर मोकळी ठेवू नये, एकेक काढून एकेक चढवावी. त्यानंतर आधी ट्रस रॉड, मग तारांची उंची आणि सर्वांत शेवटी घोड्या सरकवून सुराची शुद्धता, याच क्रमाने वाद्य लावावे, कारण आधीचे बदलले की पुढचे सगळे पुन्हा बदलते. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फट मोजून मगच पुढे जावे. हेच मोजमाप मे महिन्यात एकदा आणि पाऊस स्थिरावल्यावर ऑगस्टमध्ये एकदा करावे.